गवंडीकाकांची दहावी चाल

आमच्या बुधवारच्या मंडळींचा एक नियम आहे, आणि तो ठरला त्या दिवशी सगळ्यांत आधी हात मी वर केला होता, हे अगोदरच कबूल करून टाकते. आठवड्याला एकच वचन घ्यायचं. ते ऐकायचं, घरी नेऊन त्यावर मनन करायचं आणि पुढच्या बुधवारच्या आत ते करायचं. नुसतं पटलं म्हणून भागत नाही. ज्याने केलं असेल त्याने ‘झालं’ म्हणायचं. सगळ्यांचं झालं की पुढचं वचन. एकाचं जरी राहिलं तरी सगळ्यांचा मुक्काम तिथेच.

ऐकायला किती गोड वाटतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला हात घातला तेव्हा मिठाचं आणि दिव्याचं वचन आम्ही असं झपाझप मागे टाकलं की मला वाटलं, हां हां म्हणता शेवटाला पोहोचतो. रागाच्या वचनाला मात्र आमच्यातल्या बसड्रायव्हरने तीन आठवडे लावले. दर बुधवारी तो मान खाली घालून सांगायचा की अमक्या वळणावर अमक्या सायकलवाल्याला तोंडातून गेलंच. तेव्हा मी नवऱ्याच्या कानात पुटपुटले होते की काही लोकांमुळे उगाच सगळ्यांचा खोळंबा. देवाचे कान तिखट आहेत. लगेच पुढचं वचन आलं आणि त्यावर आम्ही दहा आठवडे अडकलो. माझ्यामुळे.

वचन असं: तू वेदीजवळ दान घेऊन उभा आहेस, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे.

माझ्या नवऱ्याचं पहिल्याच आठवड्यात झालं. त्याला भाऊ नाही, बहीण नाही, शत्रू तर नाहीच नाही. शेजाऱ्याची बादली दोन वर्षं आपल्याकडे होती ती परत करून आला आणि छाती काढून ‘झालं’ म्हणाला. नर्सबाईंनी आपल्या सुनेला फोन केला. ड्रायव्हर आणि त्याची बायको एकमेकांशीच समेट करून आले, आणि मंडळींनी तो चालवून घेतला. राहिले मी, आणि माझा दादा.

आमचं सोफे-खुर्च्यांचं काम, बाबांच्या वेळेपासूनचं. दादा सांगाडे बांधायचा, पट्टे ताणायचा, स्प्रिंगा बसवायचा, कापड ओढून खिळे ठोकायचा. मी कापड बेतायची आणि मशीनवर शिवायची. बाबा गेल्यावरही दुकान असंच चालू होतं. चार वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या एकशेवीस खुर्च्यांचं काम हातात होतं, त्यातल्या सत्तर झाल्या होत्या, आणि एका मंगळवारी दादा हातोडी पिशवीत घालून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. “मी आता वेगळं करतो,” एवढंच. पुलापलीकडे त्याने स्वतःचं दुकान थाटलं, आणि उरलेल्या पन्नास खुर्च्या मी, माझा नवरा आणि देव यांनी मिळून कशा पुऱ्या केल्या ते आम्हा तिघांनाच ठाऊक. त्यातही नवऱ्याने तीनदा स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली.

तर अशा माणसाला माफ करायचं होतं. मी टाळाटाळ केली असं कुणी म्हणू नये. दुसऱ्याच आठवड्यात मी त्याच्या दुकानात गेले, उभ्याउभ्याच म्हणाले की दादा, मी तुला माफ केलं. त्याने विचारलं, कशाबद्दल. मी सांगितलं कशाबद्दल. सांगताना आवाज जरा चढला असेल. पाचव्या मिनिटाला मी रस्त्यावर होते. पुढच्या खेपेला गोडीत घेतलं, म्हटलं झालं गेलं विसरून जाऊ. तर तो म्हणतो, काय झालं आणि काय गेलं ते आधी सांग. मग चिठ्ठी लिहिली. ती उघडलेली परत आली, पाठीमागे काही तरी मापं लिहिलेली. मग नवऱ्याला मध्यस्थ म्हणून पाठवलं. तो दोन तासांनी दोन कप चहा पिऊन आणि बगलेत एक नवीकोरी उशी घेऊन परत आला. दादाने म्हणे त्याच्या पाठदुखीसाठी मुद्दाम शिवून दिली होती. मूळ विषय निघाला का, असं विचारलं तर म्हणाला, निघाला नाही बुवा, पण उशी फार छान आहे.

दर बुधवारी मी ‘नाही झालं’ म्हणायची, आणि दर बुधवारी पुन्हा तेच वचन. बरं, आमच्याकडे वचन वाचत नाहीत, गातात. गवंडीकाका गातात. दिवसभर थापी चालवून आलेला माणूस, नखांत सिमेंट, साऱ्या वस्तीच्या भिंती गुळगुळीत करणार आणि स्वतःच्या बैठकीच्या भिंतीला अजून गिलावा नाही. पण मांडी घालून बसले आणि डोळे मिटून सूर लावला की त्या उघड्या विटासुद्धा कान देतात. ते एक ओळ गाणार, आम्ही ती मागून म्हणणार, मग मध्येच गाणं थांबवून ते गोष्ट सांगणार. तीन दिवस पायी चालून वेदीपर्यंत आलेला तो माणूस, त्याच्या काखेतलं कोकरू, ऊन, रांग. नंबर आला आणि नेमका तेव्हाच याला भाऊ आठवला. आता कोकरू ठेवायचं कुठे? मागे उभा असलेला काय म्हणत असेल? आणि कोकरू? कोकराला काय, ते मागच्याचं धोतर चघळायला लागलं. आम्ही हसून बेजार व्हायचो, आणि हसता हसता ती ओळ पुन्हा यायची आणि आत कुठे तरी जाऊन रुतायची. मला जगात याहून प्रिय काही नाही, हेही खरंच.

पण दहा आठवडे? दर वेळी नवी चाल लावायची हा काकांचा बाणा. तीच चाल दुसऱ्यांदा ऐकली की कान झोपतात, म्हणायचे. त्यामुळे एकाच वचनाच्या नऊ चाली होऊन गेल्या होत्या. पाचवी तर इतकी संथ होती की ड्रायव्हर खरोखरच झोपला. सातवीला लग्नाच्या वरातीचा ठेका होता. नवव्या वेळी काकांनी घसा खाकरून माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता, पण साठा संपत आलेल्या दुकानदाराचा चेहरा होता.

दहाव्या बुधवारी मी ‘नाही झालं’ म्हटलं आणि नर्सबाईंनी अगदी मऊ आवाजात विषय काढला. रुग्णाला वाईट बातमी सांगायचा तो आवाज. म्हणाल्या की नियम माणसांसाठी आहे, माणसं नियमासाठी नाहीत. बाकीच्यांनी पुढे जायला हरकत नसावी, ही येईल सावकाश मागून. ड्रायव्हरने मान डोलावली. त्याची बायको जमिनीकडे बघत बसली. माझा नवरा, ज्याने माझी बाजू घ्यायची, तो म्हणाला की तसंही चालेल.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मागून यायला मी काय लंगडं मेंढरू आहे? मी सांगून टाकलं की पुढच्या बुधवारी ‘झालं’ म्हणेन, नाही तर येणारच नाही. बोलून तर बसले. पण या पाच माणसांखेरीज माझं होतं कोण? दादा गेल्यापासून तर माझा सगळा गोतावळा त्या गिलावा नसलेल्या खोलीतच होता.

काकांनी डोळे मिटले आणि दहावी चाल लावली. ही साधी होती, अगदी भिंतीवर ओळंबा सोडावा तशी सरळ. फक्त एका जागी ती लांबायची. ‘भावाच्या मनात’ इथे काका थांबायचे, सूर तसाच धरून ठेवायचे, आणि पुढे जायचेच नाहीत. आम्ही मागून म्हणताना मलाही तिथे थांबावं लागायचं. पहिल्यांदा कंटाळा आला. दुसऱ्यांदा वाटलं, पुरे आता. चौथ्यांदा ‘भावाच्या मनात’ हा सूर धरून बसले असताना एकदम लक्षात आलं की दहा आठवडे मी भलत्याच मनात शिरून बसले आहे. वचन माझ्या मनाबद्दल काही विचारतच नव्हतं. माझी तक्रार, माझ्या पन्नास खुर्च्या, माझी माफी, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. भावाच्या मनात काय आहे, एवढंच होतं.

दादाच्या मनात काय असणार? तो सोडून गेला, मी नाही. घरी जाताना मी हे नवऱ्याला तीनदा ऐकवलं. तो म्हणाला, मग जाऊन विचार की. इतकं सोपं उत्तर ऐकून मला त्याचा जो संताप आला तो त्या उशीचाही आला नव्हता. रात्रभर त्याच्याशी बोलले नाही. सकाळी पवित्र शास्त्र उघडून बघितलं, कुठे काही फट सापडते का. सापडली नाही. उलट समेट कर, असं सरळ हुकूम दिल्यासारखं लिहिलं होतं.

शनिवारी दुपारी गेले. दादा एका मोठ्या आरामखुर्चीवर कापड ताणत होता, तोंडात खिळे धरून. माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वहिनी खिडकीजवळ कात्रीला धार लावत होती, तिने मात्र स्टूल पुढे सरकवलं.

मी बसले नाही. म्हणाले, “दादा, तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे?”

त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. “काही नाही,” म्हणाला, आणि खिळे पुन्हा तोंडात.

सांगायला लाज वाटते, पण मला इतकं हलकं वाटलं की मी दारापर्यंत गेलेसुद्धा. काही नाही म्हणाला ना, मग झालं. सुटले एकदाची. मग उंबऱ्यावर नर्सबाई आठवल्या. दुखतंय का विचारल्यावर रुग्ण नाही म्हणाला म्हणून त्या निघून जात नाहीत, बोटाने दाबून बघतात. चडफडत परत आले आणि स्टुलावर बसले. म्हटलं, मी बसते इथे. तो म्हणाला, बस.

अर्धा तास गेला. तो कापड ओढत होता, मी बसले होते. त्याने एकदा माझ्या पायाखालून कापडाचा तुकडा ओढून घेतला, तेवढाच आमचा संवाद. मनातल्या मनात मी देवाला विचारत होते की असा भाऊ मलाच का दिलास, आणि तोही एकुलता एक. शेवटी वहिनीनेच कात्री खाली ठेवली. नवऱ्याला म्हणाली की चार वर्षं हे मला ऐकवताय, जिला ऐकवायचं ती समोर बसली आहे, आता तरी बोला आणि माझी सुटका करा.

दादा माझ्याकडे न बघता बोलला. सभागृहाच्या खुर्च्या चालू असताना एका संध्याकाळी तो घरी निघाला होता. पुलापर्यंत गेला आणि चष्मा विसरला म्हणून मागे फिरला. दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मी त्याची त्या दिवशी पुरी झालेली खुर्ची पालथी घालून त्याने ठोकलेले खिळे उपसत होते.

“एका खुर्चीचं—” मी सुरू केलं.

“टाचणे,” तो म्हणाला. लहानपणी मी टोचून बोलायची म्हणून त्याने ठेवलेलं नाव. चार वर्षांत कुणी मला या नावाने हाक मारली नव्हती.

आणि एका खुर्चीचं नव्हतंच. वर्षानुवर्षं मी तेच करत आले होते. दादाच्या हाताला जोर भरपूर, पण ओळ सरळ येत नाही. शेवटची ओळ तर घाईत ठोकणार, एक खिळा इकडे, एक तिकडे. तो घरी गेला की मी त्या ओळी उपसायची आणि नीट ठोकायची. बाबांना दिसू नये म्हणून, गिऱ्हाइकाने नाव ठेवू नये म्हणून, दादाला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटायचं, हे मी त्याच्यावर प्रेम करते आहे. प्रीती उणिवांवर पांघरूण घालते असं शास्त्रातच आहे ना? ते वचन मी स्वतःच्या सोयीने पाठ करून ठेवलं होतं.

“मी दारातच उभा राहिलो,” दादा म्हणाला. “अख्खी ओळ उपसलीस, अख्खी पुन्हा ठोकलीस. आणि गुणगुणत होतीस. सकाळी मी मुद्दाम त्या खुर्चीवर हात फिरवला आणि तुला विचारलं, कशी झालीय. तू म्हणालीस, छान ठोकलीस दादा.”

माझ्या जिभेवर एकच वाक्य आलं होतं: ‘पण ते वाकडे होते.’ ते वाक्य दातांपर्यंत आलं. ओठ आवळून धरले. त्याला ते तसंही दिसलं असावं.

“वाकडे असतील,” तो म्हणाला. “मग मला सांगायचं. मी तुझा मोठा भाऊ आहे, गिऱ्हाईक नाही.”

पन्नास खुर्च्यांची माझी तक्रार चार वर्षं मी उराशी जपली होती, ती एकदम कुणा तिसऱ्याचीच वाटायला लागली. मी म्हणाले, “चुकलं माझं दादा. छान म्हणाले ते चुकलं.”

त्याने विचारलं, “आणि खिळ्यांचं?”

काय हा माणूस. माफी मागायला आलेल्या बहिणीशी घासाघीस करतो. “बरं,” मी म्हणाले, “खिळ्यांचंही.”

त्याने मान डोलावली. मिठी वगैरे आमच्या घरात कधी नव्हतीच. वहिनीने डोळे पुसले आणि डोळ्यात धूळ गेली असं म्हणाली. दादा वळला आणि आरामखुर्चीच्या पाठीमागची शेवटची ओळ ठोकायला लागला. टक, टक, टक, त्याच्या नेहमीच्या घाईत. संपल्यावर हातोडी ठेवली, खिळे उपसायचं हत्यार तिच्या शेजारी ठेवलं, हात धुवून येतो म्हणाला आणि मागे गेला. वहिनीही पाणी घालायला म्हणून त्याच्यामागे गेली. हात धुवायला दोन माणसं लागतात का?

मी आणि ती खुर्ची, दोघीच. ओळ माझ्यासमोर. डावीकडून चौथा खिळा खाली घसरलेला. पाचवा तिरपा. नववा तर कापडाच्या काठावरच. उपसायला दोन मिनिटं लागली नसती. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. प्रभू, म्हटलं, कोकरू ठेवून निघून जायला सांगितलंस ते परवडलं. तीन दिवस चालून आलेल्या त्या माणसाला निदान खिळे तरी दिसत नव्हते.

दादा टॉवेलला हात पुसत आला. आधी ओळीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मग चष्मा कपाळावर सारून अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कशी झालीय?”

मला कळलं की एवढा वेळ हातांवर बसणं हा सोपा भाग होता. छान म्हटलं असतं तर तो हसला असता, चहा झाला असता, मी हसतमुखाने घरी गेले असते, आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी आम्ही दोघं पुन्हा जाऊन उभे राहिलो असतो. खरं सांगितलं तर कदाचित पुन्हा रस्त्यावर.

“चौथा खाली गेलाय,” मी म्हणाले. “पाचवा तिरपा आहे. नववा काढावाच लागेल, नाही तर कापड फाटेल.”

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. खाली वाकला. बराच वेळ बघितलं.

“चौथा, ठीक आहे,” तो म्हणाला. “नववाही मान्य. पाचवा सरळ आहे.”

“तिरपा आहे, दादा.”

“सरळ आहे.”

त्याने चौथा आणि नववा उपसला, नवे ठोकले, आणि हातोडी खाली ठेवून पाचव्यावर बोट ठेवून उभा राहिला. मी पट्टी आणली. तो म्हणाला पट्टीच वाकडी आहे. वहिनीला निवाड्याला बोलावलं, तिने दोघांकडे बघितलं आणि सांगितलं की तुम्हा भावाबहिणींच्या मध्ये पडणारी बाई मूर्ख असेल. चहा आला, गार झाला, पाचवा तसाच. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, खुर्चीला हात लावून खूश झालं आणि तो तिरपा खिळा माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढून निघून गेला.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत आले तेव्हा दादाने पाठीमागून हाक मारली. टाचणे, उद्या प्रार्थनेनंतर दुकानात ये, येताना तुझ्याकडच्या मशीनचा पट्टा काढून आण, बघून देतो, मागे तुझा नवरा सांगत होता की घसरतो. आणि बुधवारी तुझ्या मंडळींना सांग म्हणाला, झालं म्हणून. पण पाचवा खिळा सरळ होता हेही सांग.

झालं हे मी सांगेन. पाचव्याचं मुळीच सांगणार नाही. दादाला यापुढे खरं तेच सांगायचं हे आजच ठरलं आहे, आणि तो खिळा तिरपाच होता.